डाव्या गालावरची चामखीळ

सोमवार, १४ ऑक्टोबर १८६७

आणि वर मास्तर म्हणतात, कोट काय कमी असतो का. नसेल कमी. पण दोन वर्षं झाली, मी कोटच कोरतोय. कोट, विजार, पडदा, धूर, ढग. चित्रात ढग आला की जेगोला, म्हणजे मला, हाक.

आज पुन्हा 'चिमटा' साप्ताहिकाचं चित्र आलं. क्विलिनन साहेबांनी ते लाकडी ठोकळ्यावर पेन्सिलीने काढलेलं. गेज मास्तरांनी मागचे स्क्रू सैल केले, ठोकळ्याचे सहा तुकडे सुटे केले आणि पत्ते वाटावेत तसे सहा जणांना वाटले. सहा हात एकदम चालले की काम दोन दिवसांत होतं. पुन्हा जोडेपर्यंत पूर्ण चित्र कुणालाच दिसत नाही, माणूस कोण ते शेवटी कळतं. चेहरा मास्तरांनी स्वतःकडे ठेवला. पाटीवरची अक्षरं नेहमीच्या म्हाताऱ्याकडे, कारण ती उलटी कोरावी लागतात आणि मला सुलटी वाचायचीच मारामार. मला पोट. म्हणजे पोटावरचा कोट.

'मास्तर, एकदा नाक तरी द्या,' मी म्हटलं.

'नाक मिळवावं लागतं. आधी बटणं नीट बघ.'

बटणं नीटच असतात माझी. बटणात काय चुकायचं?

घरून पत्र आहे. आई सांगते, लव्हडे लिहिते. माझी बहीण लव्हडे खाणीवर दगड फोडते, त्यामुळे तिचं अक्षरही फोडल्यासारखं येतं. 'चेहरे मिळाले का, असं आई विचारते.' कॉर्नवॉल सोडताना मी छाती काढून म्हणालो होतो, सहा महिन्यांत लंडनचे चेहरे कोरीन. बाबांची छाती कथलाच्या खाणीने खाल्ली, ते आता खिडकीशी बसून खोकतात. लव्हडेची मजुरी आणि मी महिन्याला पाठवतो ते दहा शिलिंग, एवढ्यावर घर चालतं. इथून हाकललं तर मला त्याच खाणीत उतरायचंय. म्हणून मी कोट कोरतो आणि तोंड बंद ठेवतो. बरंचसं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आज थोर गोष्ट घडली.

संध्याकाळी मी नदीपलीकडच्या अल्सायन थिएटरात भाला धरून उभा राहतो. रात्रीचा एक शिलिंग मिळतो. घरी हे माहीत नाही. आमच्या चॅपलमध्ये नाटकगृह म्हणजे सैतानाची ओसरी. मालक बेलचेंबर साहेब स्वतःच नायकाचं काम करतात. 'काळ्या पुलाचा सरदार' हे नाटक ईस्टरपासून चालू आहे आणि ईस्टरपासून भिंतीवर तेच पोस्टर: 'निश्चितपणे शेवटचे सहा प्रयोग'. दर शनिवारी मालक पडद्यापुढे येऊन रडून निरोप घेतात, सोमवारी परत हजर. पिटातले, म्हणजे खालच्या स्वस्त बाकांवरचे, लोकही आता त्यांच्याबरोबर रडतात, गंमत म्हणून.

तर आज त्यांनी मला विंगेत थांबवलं.

'तू तो ठोकळे कोरणारा ना रे? टॅपस्कॉट बाई सांगत होत्या.' टॅपस्कॉट बाई मालकांचे कपडे, केस आणि राग सांभाळतात.

'हो, मालक.'

'डोबेलचं चित्र तुमच्याच दुकानात झालं?'

पार्थेनॉन थिएटरचे डोबेल गेल्या आठवड्यात 'चिमटा'त निघाले होते. सध्या दर आठवड्याला एकेका नाटकवाल्याची हजामत चाललीय. डोबेल खाटीक झालेला, तराजूच्या एका पारड्यात घोडा आणि पाण्याची टाकी, दुसऱ्यात नाटकाची दोन पानं. खाली ओळ: 'घोडा खरा, पाणी खरं, नाटकाचं वजन विचारू नका.' सगळे म्हणाले, डोबेल आता कोर्टात जाणार. तो गेला छापखान्यात. तीनशे प्रती घेतल्या आणि एक चौकटीत घालून तिकीटखिडकीवर टांगली.

'कोट माझा आहे त्यातला,' मी म्हटलं.

'पोट मोठं दाखवलंय त्याचं. एवढं नाहीये,' मालक म्हणाले, आणि का कोण जाणे, हे म्हणताना त्यांचं तोंड पडलं होतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'रंगमंचावर कधी बोललायस?'

'नाही.'

'तुझ्या आवाजात दगड आहे, पोरा. कॉर्नवॉलचा दगड. शनिवारपासून तिसऱ्या अंकात तू म्हणायचंस, सरदार, पूल पडला.'

मला पहिल्यापासून वाटतच होतं की माझ्यात काहीतरी आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

बोललो.

टॅपस्कॉट बाई म्हणाल्या, 'पूल पडला म्हणालास की आई मेली म्हणालास? मला काही कळलं नाही.' त्यांचं बोलणं असंच. मालकांनी मात्र स्वतःच्या पैशाने मला भाजलेला बटाटा घेऊन दिला, लोणी घालून. खाता खाता विचारत होते, क्विलिनन साहेब दुपारी जेवायला कुठे बसतात, एकटे बसतात का, त्यांना दारूत पोर्ट आवडते का क्लॅरेट. एवढा मोठा माणूस, पण माझ्या कामाबद्दल किती आस्था.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

मी विचार करतोय की दुकान सोडावं. नटाला रोज कोट कोरावा लागत नाही, आयता घालायला मिळतो.

मालक मला अभिनय शिकवतायत. आज गॅसच्या दिव्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, 'हा कोन बघ. आता हा. कुठला जास्त लक्षात राहतो?' मी म्हटलं, दुसरा. 'बरोबर. चामखिळीमुळे.' त्यांच्या डाव्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ आहे. 'आजोबांची आहे ही. दहा हजारांत मला ओळखशील तू. जाड्या डोबेलसारखे शंभर मिळतील, पण ही दुसऱ्या कुणाला आहे?' आपला विशेष काय ते नटाने ओळखावं, असा त्याचा अर्थ. मी मनात नोंदवून ठेवलं.

दुकानात हे सगळं मी क्विलिनन साहेबांना सांगितलं. चामखीळही आणि सहा महिने चाललेले शेवटचे सहा प्रयोगही. ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मग त्यांनी पेन्सिल काढून शर्टाच्या बाहीवर काहीतरी लिहिलं. 'आणि मला पोर्टच्या दोन बाटल्या कोणी पाठवल्या ते आत्ता कळलं,' म्हणाले. मला त्यातलं काही कळलं नाही. आपण बोललो हे मालकांना कळू नये एवढीच इच्छा. बिचाऱ्यांना वाईट वाटेल.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

मला चेहरा मिळाला.

परत लिहितो, म्हणजे मलाच पटेल. मला चेहरा मिळाला. आज ठोकळा आला, जोडलेला असतानाच मी पाहिला. बेलचेंबर मालक. जहाजाच्या कठड्याशी उभे, बादलीभर आसवं गाळतायत, एका हाताने रुमाल हलवून लंडनचा निरोप घेतायत, आणि पाठीमागे दुसऱ्या हातात दोर. तोच दोर धक्क्यावरच्या खुंटाला बांधलेला. जहाज जाणार कुठे?

'मास्तर, हे आमचे मालक,' माझ्या तोंडून गेलं.

मास्तर नाटक बघत नाहीत. दिवसभर चेहरे बघून झाल्यावर पैसे देऊन आणखी कोण बघणार, म्हणतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'ओळखतोस तू याला?'

'रोज बघतो.'

त्यांनी स्क्रू काढले. चेहऱ्याचा तुकडा हातात घेतला. मग माझ्यासमोर ठेवला. 'ओळखीचा चेहरा कोरणं सर्वांत अवघड असतं. डोळ्यांनी कोर. डोक्याने कोरू नकोस.'

दिलेल्या गोष्टीबरोबर माणूस उपदेश का जोडतो? एक दिवस नुसतं द्यावं.

शनिवार, २ नोव्हेंबर

दिवसभर पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यामागे बसून कोरलं. गोळ्यातून दिव्याचा उजेड एका नाण्याएवढा पडतो आणि त्या नाण्यात मालकांचं तोंड. अश्रू इतके बारीक निघाले की शेजारचा विल्किन्स म्हणाला, 'आयला, ओले आहेत रे.'

एकच भानगड. क्विलिनन साहेबांनी चामखीळ भलत्याच गालावर काढली होती. रोज तो गाल बघतो मी. पोर्टच्या बाटल्या संपल्या असणार. मी कुणाला काही बोललो नाही. त्यांनी काढलेली होती ती जागा कोरून पांढरी केली, आणि जिथे हवी तिथे लाकूड तसंच उंच ठेवलं, म्हणजे छापताना तिथे काळा ठिपका येईल. वाटाण्याएवढाच. मोठ्या कलाकाराची चूक गुपचूप सावरून घ्यायची आणि आभार मागायचे नाहीत, यालाच कारागिरी म्हणतात, असं मला आज वाटलं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

काल दरवर्षीच्या सणाला पोरांनी गल्लोगल्ली पेंढ्याचा माणूस जाळला. आज माझी पाळी.

'चिमटा' आला. मी अंक उघडला. चामखीळ मालकांच्या उजव्या गालावर.

ठोकळ्यावरचं सगळं छापताना उलटं होतं. हे मला माहीत आहे. दुकानातल्या मांजरालाही माहीत आहे. साहेबांनी बरोबरच काढलं होतं, आम्हां सगळ्यांसारखं उलटं. पण मालकांचा चेहरा समोर आला आणि मी ठोकळा बघायचंच विसरलो, मालकांकडेच बघत बसलो.

मास्तरांनी मला कागदाच्या कोठीत नेलं.

'दुरुस्त केलंस?'

'हो.'

'दोन वर्षं कोट दिले तुला. पुरुषाची बटणं कुठल्या बाजूला असतात?'

'उजव्या.'

'आणि ठोकळ्यावर?'

दोन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

'हे मला सांगितलंस ते ठीक,' ते म्हणाले. 'साहेबांजवळ बोलू नकोस.' म्हणजे हाकलायचा मान त्यांना स्वतःला हवा असणार.

मग क्विलिनन साहेब आले. ते ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, 'वीस वर्षांत माझ्या चित्राला कुणी हात लावला नाही. हा पोरगा सोमवारी इथे दिसला तर माझी चित्रं दुसऱ्या दुकानात जातील.'

'पोराने हात लावला कशावरून?' मास्तर म्हणाले. 'कोरताना तुमची पेन्सिल खरवडून जाते. आता पुरावा कुठला? तुमच्याच हातून उजव्या गालावर पडली असेल. दोन बाटल्या होत्या म्हणे.'

'गेज, माझा डोळा चुकत नाही.'

'तर शनिवारी जाऊ आणि माणसाचा गालच बघू.'

'जाऊ. डाव्या गालावर दिसली की याला सोमवारी रस्ता.'

मास्तरांनी मान हलवली. दोन वर्षं शिकवलं आणि स्वतःच्या हाताने मला खड्ड्यात लोटलं. मास्तरांच्या शिफारसपत्राशिवाय छापखान्यांच्या फ्लीट स्ट्रीटवर कुणी कोरणी हातात देत नाही. झालं. खाण.

संध्याकाळी अल्सायनवर वेगळाच थाट. मालकांनी पाचशे अंक घेतले. चित्र चौकटीत, तिकीटखिडकीवर, डोबेलच्या चौकटीपेक्षा मोठी चौकट करवून. किती महिन्यांनी पिट भरलेलं. मालक आत आल्यावर कुणीतरी ओरडलं, 'ओ साहेब, चामखीळ घर बदलून गेली काय?' आणि हशा. मालकांनी हात गालाकडे नेला, क्षणभर, आणि संवाद पुढे चालू केला.

माझी ओळ मात्र गेली. मालक म्हणाले, 'पूल आता न सांगताच पडेल, पोरा. आवाज होतो, लोकांना कळतं.' माझ्या आवाजातल्या दगडाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

भाला परत ठेवायला गेलो तर टॅपस्कॉट बाई एकट्याच शिवत बसलेल्या. तोंडात टाचण्या.

'काय रे, सुतकात आहेस?'

मी सगळं सांगितलं. ठोकळा, गाल, शनिवारी मास्तर आणि साहेब बघायला येणार, सोमवारी माझा रस्ता, बाबांची छाती, लव्हडेची मजुरी. एवढं बोलायचं नव्हतं. बाईंनी मध्ये एकदाही टोमणा मारला नाही, तेव्हाच मला कळलं की माझी अवस्था खरंच वाईट आहे.

'शनिवारी येणार?' त्यांनी टाचण्या काढून विचारलं.

'हो.'

'कुठे बसणार?'

'काय माहीत. पुढेच बसतील, गाल बघायचाय तर.'

'हं,' म्हणाल्या, आणि टाचण्या परत तोंडात.

त्यापेक्षा टोमणा बरा होता.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आजचं मला अजून समजत नाही. झालं तसं लिहितो.

मास्तर आणि साहेब दुसऱ्या रांगेत. मास्तरांनी रविवारचा कोट घातलेला. मी मागे भाला धरून. मालकांचा प्रवेश झाला आणि सगळं थिएटर हसून कोसळलं. डावा गाल सफाचट, पावडरीचा थर. आणि उजव्या गालावर चामखीळ. वाटाण्याएवढी कसली, चांगली गूजबेरीच्या फळाएवढी. मालक दिव्यांच्या अगदी पुढे आले आणि उजवा गाल दुसऱ्या रांगेकडे करून उभे राहिले. मग सरदाराचं भाषण केलं, एरवी डावीकडे तोंड करून करतात ते. सगळं उजव्या गालाने.

क्विलिनन साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मास्तर आधी मालकांकडे बघत होते. मग वाकून त्यांनी बराच वेळ बुटाची नाडी बांधली. त्यांच्या बुटांना नाडी नाही.

विंगेतून जाताना मालक माझ्यापाशी थांबले. 'कशी दिसते?'

'छान, मालक.'

'नीट बसलीये?'

'हो, मालक.'

गाल चुकलाय हे ओठावर आलं होतं. पण मी आता कुणाचं काही दुरुस्त करणार नाही. मला वाटतं झालं असं, की लांबच्यांनाही दिसावी म्हणून त्यांनी मोठी चामखीळ चिकटवायची ठरवली, आरशासमोर बसले, आणि ठोकळ्याने मला फसवलं तसंच आरशाने त्यांनाही फसवलं. माणूस कितीही मोठा असो, उलट-सुलट झालं की गडबडतोच. एरवी मला वाईट वाटलं असतं त्यांच्यासाठी. पण त्यांच्या चुकीने मी वाचलो असेन तर?

टॅपस्कॉट बाईंना हे सांगितलं. 'अगदी बरोबर,' म्हणाल्या. 'आरसाच. दुसरं काय असणार?'

सोमवार, ११ नोव्हेंबर

वाचलो.

क्विलिनन साहेब सकाळी स्वतः आले. म्हणाले, 'गेज, पोर्ट सोडली मी. पोरा, तुझी माफी मागतो.' ते गेल्यावर मास्तरांनी मला कागदाच्या कोठीत बोलावलं. चेहऱ्याच्या कामाचा दर कोटाच्या वर असतो, तो दिला. मग ठोकळ्याशी खोटं बोलल्याबद्दल तेवढाच दंड परत घेतला. दोन्ही वेळा चेहरा तोच, मिशीखाली गंभीर.

मग खिशातून हाताएवढा आरसा काढून दिला. 'माझ्या मास्तरांनी मला दिला होता. ठोकळ्यासमोर ठेव. सुलटं आरशात दिसेल, उलटं कोरायचं.'

'मग पुढचा चेहरा?'

'पुढचा कोट,' म्हणाले, आणि दारातून वळून, 'तुझ्या मालकांना माझा नमस्कार सांग. चांगला नट आहे.'

'पण मास्तर, नाटक तर भिकार आहे.'

'नाटक कुणी पाहिलं? मी गाल पाहिला.'

मास्तरांना नाटकातलं काही कळत नाही, हे मी आधीच लिहिलंय.

दुपारी कोट घेतला. आरसा समोर ठेवला. पहिल्यांदाच बटणं बघितली, सगळी भलत्या बाजूला, ओळीने, दोन वर्षं तशीच वाट बघत असल्यासारखी. कोट कमी नसतो.

रविवार, १७ नोव्हेंबर

अल्सायनच्या भिंतीवर नवं पोस्टर: 'निश्चितपणे शेवटचे बारा प्रयोग'. रोज गर्दी. लोक चित्र हातात घेऊन येतात आणि गाल ताडून बघतात. मालक आता रस्त्यातही उजव्या गालावर चामखीळ लावूनच फिरतात, डाव्या गालावर प्लास्टर. काल क्विलिनन साहेब त्यांना चहाच्या दुकानात भेटले तेव्हाही ती होती म्हणे. टॅपस्कॉट बाई कुरकुरतात, 'गोंदाने गाल सोलून निघालाय. म्हटलं, झालं ना आता त्या पोराचं काम, काढून टाका. तर म्हणतात, परत कुणी बघायला आलं तर?' ते कुठल्या पोराचं काम म्हणत होत्या, ते विचारायचं राहिलं. पडद्याची घंटा झाली.

मालकांनी परवा मला बटाटा दिला. लोणी घालून. आता तर त्यांना माझ्याकडून काही नकोही आहे.

घरी पत्र लिहिलं, विल्किन्सकडून तपासून. आईला कळवलं की चेहरा मिळाला, एकच, पण पूर्ण. सोबत चित्र आहे. हा एक भला माणूस आहे, त्याचा धंदा चॅपलमध्ये कुणी विचारला तर जहाजाचा आहे म्हणून सांगावं. आणि लव्हडेला म्हणावं, चित्र बाबांच्या दाढीच्या आरशासमोर धरून त्यांना दाखव. बाकी सगळं उलटं दिसेल, पण गाल बरोबर दिसेल.

दर आला, दंड गेला, हातात राहिलं तेवढंच. सोबत दहा शिलिंग.